तीन दिवसांनी ज्येष्ठ

बावन्न वर्षांचा माणूस उगाच कॉलेजात नाव घालत नाही. लीलाधर वायकोळेनं घातलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मागच्या जुलैत तो पेढ्यांचा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये आला. मुलीचं कुठं जमलं असेल म्हणून मी दोन उचलले. एक तोंडात टाकला आणि तो म्हणाला, "एम.ए.ला ॲडमिशन घेतली. शिक्षणशास्त्रात. शालेय नेतृत्व आणि शिक्षण धोरण." दुसरा पेढा मी हळूच पुड्यात परत ठेवला.

नेतृत्व! बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. चित्रकलेच्या सरांनी तर उठून हात मिळवला. मी मनातल्या मनात महिने मोजत होतो. आमचे हेडमास्तर ढाके सर एकतीस मेला निवृत्त होणार होते. त्याच्या बरोबर दहा महिने आधी या माणसाला नेतृत्व शिकावंसं वाटतं, याला योगायोग म्हणायला मी काही कालचा पोर नाही.

आमची शाळा मुक्ताईनगर तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. पाचवी ते दहावी, अनुदानित. अनुदानित शाळेतल्या मास्तराला एकवेळ स्वतःच्या पोरांच्या जन्मतारखा आठवणार नाहीत, पण ज्येष्ठता यादी तोंडपाठ असते. कोण कधी रुजू झाला त्या क्रमानं नावं लागतात आणि हेडमास्तरांची खुर्ची त्याच क्रमानं खाली येते. आमच्या यादीत ढाके सरांच्या खाली मी, सुकदेव फेगडे, गणित आणि परीक्षा विभाग, रुजू दिनांक बारा जून एकोणीसशे शहाण्णव. माझ्या खाली लीलाधर, मराठी आणि इतिहास, रुजू दिनांक पंधरा जून. तीन दिवसांचा फरक. ते तीन दिवस तो कुठं अडकला होता हे अठ्ठावीस वर्षांत मी त्याला विचारलं नाही. त्याला त्या गोष्टीची आठवण करून देणं मला परवडणारं नव्हतं.

वरून पाहाल तर साधा माणूस. उंच, किडकिडीत. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, पण लाल पेनाचं टोपण क्वचितच निघायचं. पोरांच्या वहीत चुकीवर फुली मारायचा नाही, खाली बारीक रेघ ओढायचा आणि ते पोर स्वतः चूक शोधेपर्यंत शेजारी उभा राहायचा. त्यामुळे त्याचा अभ्यासक्रम कधी वेळेवर संपला नाही. डब्यातली कळण्याची भाकरी आधी दुसऱ्यांना वाटायचा, मग उरली तर स्वतः खायचा. राग आला की चष्मा काढून पुसत बसायचा. मला त्यानं आजवर एक उलट शब्द ऐकवलेला नाही. असल्या माणसांची मला धास्ती वाटते. भांडणारा परवडला, त्याच्या पोटात काय आहे ते तोंडावर तरी येतं.

आता खुर्चीचं सांगतो, खोटं कशाला बोलू? मला ती हवी होती. माझे वडील याच शाळेत शिपाई होते. एकतीस वर्षं त्यांनी घंटा दिली आणि हेडमास्तरांच्या खोलीबाहेरच्या स्टुलावर बसून काढली. त्या खोलीत ते पाण्याचा तांब्या घेऊन जात आणि पाठ न दाखवता बाहेर येत. मी लहानपणी ते पाहिलंय. माझी आई मंजुळाबाई आता एक्क्याऐंशीची आहे, आणि गेली दोन वर्षं रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न विचारते, "कधी बसतो रे तू त्या खुर्चीवर?"

डिग्रीनं ज्येष्ठता पुढे सरकत नाही, हे मला नियमासकट पाठ होतं. पण वरच्याला अपात्र ठरवलं तर खालच्याचा नंबर लागतो, हेही त्याच नियमात आहे. आणि लीलाधर वाचणारा माणूस.

सप्टेंबरात त्याचे उद्योग सुरू झाले. आपला तास नसला की कुणाच्याही वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचा. म्हणे, निरीक्षण. माझ्या नववीच्या भूमितीच्या तासाला आला आणि पस्तीस मिनिटं खाली मान घालून लिहीत राहिला. मी फळ्यावर प्रमेय सोडवत होतो, पण सगळं लक्ष त्या पेनावर. शेवटी वर्तुळाची त्रिज्या चुकली आणि पोरं हसली. तास संपल्यावर विचारलं, "काय लिहिलं?"

"स्वाध्याय आहे रे. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतो, ते मोजायचं होतं."

"मी किती थांबलो?"

"दोन सेकंद," तो म्हणाला, आणि वर हसला. "मी स्वतःचं मोजलं तेव्हा तीन होतं."

म्हणजे तिथंही एकानं पुढे!

ऑक्टोबरात एका मंगळवारी तो संस्थेच्या अध्यक्षांच्या वाड्यातून फाइल घेऊन बाहेर पडताना मला दिसला. अध्यक्षांना सगळा गाव आबा म्हणतो. केळीचे मोठे बागायतदार, शाळेत वर्षातून दोनदा येतात, एकदा झेंड्याला आणि एकदा निकालाला. त्यांच्याकडे मास्तर फाइल घेऊन कशाला जाईल? मी सायकलच्या दुकानाआड उभा राहून तो वळेपर्यंत पाहत राहिलो. दुकानदारानं विचारलं, "पंक्चर हाये का, सर?" मी हो म्हणालो आणि चांगल्या चाकाची ट्यूब उगाच काढून घेतली.

त्याच्या एम.ए.ची संपर्क सत्रं, म्हणजे रविवारचे वर्ग, धुळ्याला असायची. शनिवारी शाळा सुटली की जळगावला मेहरूणमध्ये बहिणीकडे मुक्काम, रविवारी सकाळच्या एस.टी.नं धुळं. धुळ्याला माझा मेहुणा तोताराम राहतो. नशिबानं त्याचं मोटारसायकलच्या पार्टचं दुकान त्याच कॉलेजच्या फाटकासमोर आहे. मी त्याला लक्ष ठेवायला सांगितलं. तीन रविवारांनंतर त्याचा फोन आला.

"दाजी, तुमना मास्तर पहिला बाकवर बसस. बठ्ठासना आधी येस, बठ्ठासना मांगे जास."

"सगळ्यांच्या आधी? भेटतो कुणाला?"

"कोणलेच नही. चहा पेवाले बी बाहेर येत नही, डबा शे त्यानाजोडे. तरणी पोरे त्याले काका म्हणतस."

"काही लपवतो का? वही वगैरे?"

"तो काय दपाडी, दाजी? सोतानी वहीबी दुसरास्ले देस."

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "वही सगळ्यांना देतो म्हणजे खरी वही दुसरी असणार." ज्योती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुमचे सहामाहीचे पेपर तपासून झाले का?"

जानेवारीत मात्र माझा संशय खरा ठरला. निदान मला तसं वाटलं. ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनचं झाकण उचललं तर आत एक कागद राहून गेलेला. लीलाधरचीच प्रश्नावली. वर ठळक अक्षरात लघुप्रबंधाचा विषय होता: 'इयत्ता नववीनंतर नियमित शाळा सोडून खाजगीरीत्या दहावीस बसलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास'. खाली प्रश्न. 'दाखला काढण्याविषयी तुमच्याशी प्रथम कोण बोलले?' 'त्यांनी नेमके काय सांगितले?' 'त्या दिवशी घरी गेल्यावर तुम्ही काय केले?'

कागद मी घडी घालून खिशात टाकला. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोळा वर्षांचं एकच होतं. मी.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल ओळीनं अकरा वर्षं शंभर टक्के आहे. फाटकावर दरवर्षी फ्लेक्स लागतो, आबा हार घालतात. हा शंभर कसा येतो? दर मे महिन्यात परीक्षा विभागप्रमुख नववीचा निकाल घेऊन बसतो. कोण दहावीत गटांगळ्या खाईल याचा अंदाज बांधतो, आणि त्या पोरांच्या आईबापांना बोलावून घेतो. "दाखला काढून घ्या. सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून बसवू. घरचं कामही होईल, दहावीही होईल." सतरा नंबरनं बसलेलं पोर नापास झालं तरी ते शाळेच्या खात्यावर येत नाही. नववीत नापास झालेल्यांचं सोपं होतं. काठावर पास झालेल्यांना जरा वेगळं समजवावं लागायचं. ते मी समजवत होतो. आम्हीच एकटे करत होतो असंही नाही, आणि मला कधी त्यात पाप वाटलं नाही. फॉर्म मी स्वतः भरायचो, फोटो चिकटवायचो, केंद्रावर जाऊन द्यायचो. उपकारच समजत होतो.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कपाट उघडलं आणि सोळा वर्षांची निकालपत्रकं चाळली. एकेका नावावर बोट ठेवत गेलो. चौऱ्याण्णव नावं निघाली. त्यांच्यापैकी कोण माझ्याविरुद्ध बोलेल याचा मी अंदाज बांधत होतो. एवढ्या नावांकडे पाहून दुसरं काही माझ्या मनात आलं नाही, हे आज सांगायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी लीलाधरला पाण्याच्या टाकीमागं गाठलं आणि तो कागद त्याच्या छातीवर आपटला.

"माझ्यावर प्रबंध लिहितोस?"

त्यानं कागदाची घडी सरळ केली. "त्यात नाव नही कोणाचं. शाळेचंबी नही."

"नाव नसलं म्हणून कळत नाही का लोकांना?"

"सुकदेव, त्या दाखल्यांवर वर्गशिक्षक म्हणून सही माही हाये. नववी सोळा वर्षं माह्याकडेच व्हती. तू गठ्ठा आणून द्यायचा, मी सही करायचा. न वाचता." त्यानं चष्मा काढला. "मागच्या वर्षी सावद्याला लग्नात गेलो व्हतो. पंगतीत वाढणारा एक जण जवळ आला. नवल, आपल्याच शाळेचा. वरणाची बादली हातात. मले म्हणे, सर, माह्या दाखल्यावर सही केली तवा तुमी माहं नाव वाचलं व्हतं का? मले खोटं बोलता आलं नही, भो. अन् जेवताबी नही आलं."

"म्हणून एम.ए.?"

"मले समजूनच घ्यायचं व्हतं, आपण असं काबरं करतो. एकट्यानं वाचून उमगत नव्हतं."

असं बोलणारा माणूस एक तर अगदी खरा असतो, नाहीतर फार पोचलेला. मी दुसरं धरलं. विचारलं, "आबांकडे कशाला गेला होतास?"

"जुनी रजिस्टरं पाहायची परवानगी मागायले. आबा म्हणे, लिही, कोण वाचते!"

"तुला हेडमास्तर व्हायचंय."

"मले नही पाहिजे ती खुर्ची. म्हणशील तं लिहून देतो."

लिहून देतो म्हणणारे कधी देत नाहीत. यानं दुसऱ्या दिवशी दिलं. 'हेडमास्तरपदासाठी माझा विचार करू नये', अशा मजकुराचं सहीचं पत्र माझ्या टेबलावर डस्टरखाली ठेवलेलं होतं. एखादा शहाणा माणूस तिथंच थांबला असता. मी ते पत्र खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मग म्हटलं, हे आबांपुढे मोठेपणा मिळवायचं साधन. आधी नको म्हणायचं, मग प्रबंध पुढे करायचा, फेगडे अपात्र ठरला की संस्थेनंच हात जोडून याला बसवायचं. ज्योतीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माणूस नको म्हणतो तरी तुमाले ऐकू येत नही."

मार्चच्या शेवटी बातमी आली की हेडमास्तर निवडीची सभा वीस एप्रिलला. मी बचावाची तयारी केली. जुन्या विद्यार्थ्यांची लेखी पत्रं गोळा करायची. उद्या कुणी बोट दाखवलं तर ही पत्रं पुढे. मजकूर मीच टाइप करून घेतला: 'आदरणीय श्री. फेगडे सर यांनी माझी शैक्षणिक कुवत ओळखून माझ्या भल्यासाठी मला खाजगीरीत्या परीक्षेस बसण्याचा सल्ला दिला. त्यांच्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.' खाली सहीची रेघ.

सगळ्यात आधी मोहिनीकडे जायचं ठरवलं. बारा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करणारी ती एकटी. चौऱ्याण्णव नावांत मला खात्रीचं असं हे एकच नाव होतं. लीलाधर धुळ्याला असेल असा रविवार पाहिला आणि सकाळी दहाला निघालो. ती शेजारच्या गावात केळीच्या पॅकहाउसमध्ये कामाला आहे, एवढं फोनवरून माहीत होतं.

पत्र्याची लांबलचक शेड. सिमेंटच्या टाक्यांतून केळीच्या फण्या तरंगत होत्या आणि दोन्ही बाजूंनी बाया उभ्या राहून त्या धूत होत्या. मला पाहताच मोहिनीनं ओले हात पुसले, पुढे आली आणि वाकून पाया पडली.

"सर! तुमी? इतक्या उन्हात काबरं आले? मले बोलावलं असतं." मग बाकीच्या बायांना म्हणाली, "हे माहे सर. मी नापास होत व्हती तं यायनं मले पास केलं. वरून फॉर्मबी सोता भरला. कोण करते एवढं?"

बायांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. माझ्यासाठी खुर्ची आली, चहा आला. तेवढ्यात पलीकडून सुपरवायझर ओरडला, "मोहिनीताई, तेरा किलोची नऊशे खोकी, वजन किती धरू?"

"अकरा टन सातशे," ती पाठमोरीच म्हणाली. त्यानं मोबाइलवर आकडे दाबले, मान डोलावली आणि लिहून घेतलं. मी गणिताचा मास्तर. माझं अजून मनात तेराला नवानं गुणणं चाललं होतं.

मी विषय काढला. "लीलाधर सर येऊन गेले का तुझ्याकडे?"

"आले व्हते ना. दोन तास बसले. त्यायनं इचारलं, दाखला काढाले कोण बोललं. मी म्हटलं, सुकदेव सर. दुसरं कोण?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "आणि?"

"जसं झालं तसं सांगितलं. सुकदेव सर म्हणे, तुले ढकलून पास केलं, दहावी झेपणार नही, बाहेरून बस. लीलाधर सर काहीच बोलले नही. नुसता चष्मा पुसत ऱ्हायले."

काठावर पास झालेल्यांना मी जे वेगळं समजवायचो, ते हेच. लीलाधरनं रजिस्टर पाहिलं होतं. तिचे गुण त्याला माहीत होते. माझं खोटं त्या दोन तासांत त्याच्या हातात आलं होतं. तरी तो तिला काही बोलला नव्हता, आबांनाही नव्हता, मलाही नव्हता. यात त्याचा काय डाव असेल ते मी शोधू लागलो आणि त्या दिवशी मला एकही डाव सापडेना.

तरीही मी पिशवीतून कागद काढला. होय, काढला. सभा आठ दिवसांवर होती. "एवढी सही दे. शाळेच्या कामासाठी आहे."

तिनं दोन ओळी भरभर वाचल्या. "एवढंच ना? द्या पेन." तिचे हात ओले होते, पेन सटकलं. ती हात पुसेपर्यंत मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मुलगी कितवीत आहे?"

"मयुरी? पहिलीत. बाई म्हणे गणितात हुशार हाये, घरी रोज थोडं घेत जा. मी नही घेत, सर." ती हसली. "माहंच डोकं नही तं तिचं कुठून येईन? आतापासून नाद लावायचा अन् मंग नववीत रडायचं. तिले सांगून टाकलं, आपल्या घरात ते नही, बेटा. तुमी म्हटलं व्हतं ना, झेपत नसलं तं आधीच ओळखावं."

तिनं पेन उचललं. मी कागदावर हात ठेवला.

"सही करू नको."

"काबरं?"

"तू ढकलपास नव्हतीस, मोहिनी. गणितात तुला एकेचाळीस होते. सगळ्या विषयांत पास होतीस. मी एक गुणसुद्धा वाढवला नव्हता."

तिनं पेन खाली ठेवलं. "एकेचाळीस? शंभरापैकी?"

"हो. परवाच पुन्हा निकालपत्रक पाहिलंय."

"मंग तसं काबरं सांगितलं?"

"त्या वर्षी एकसष्ट पोरं दहावीला जाणार होती. तू जर अडकली असतीस, तर निकाल अठ्ठ्याण्णववर आला असता."

"अन् मी पास झाली असती तं?"

सोळा वर्षांत तो विचार मी कधी केलाच नव्हता. टाकीत पाणी पडत होतं. शेजारची बाई फणी हातात धरून आमच्याकडे बघत होती.

मोहिनी रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "मी दोनदा बसली, सर. इंग्रजी अन् गणित दोन्ही बारी ऱ्हायलं. घरी कोण शिकवणार व्हतं? माह्या लग्नात सासऱ्यानं इचारलं, पोरगी कितवी शिकली. तं माहा बाप म्हणे, नववी, तेबी ढकलपास. मांडवात म्हणे, सर. बठ्ठ्या लोकांत."

"माझं चुकलं," मी म्हणालो. हे दोन शब्द इतके हलके निघाले की मलाच त्यांची शरम वाटली.

"चुकलं ते ठीक हाये. लिहून द्या."

"काय?"

"आता सांगितलं ते. एकेचाळीस, अन् सोताच्या मार्कांनी पास, अन् तुमी खोटं सांगितलं. बठ्ठं. तोंडी नका सांगू. तोंडी तं तवाबी सांगितलं व्हतं."

जन्मभर मी कागदावर जगलेला माणूस. सहीचा कागद सभेत काय करतो हे मला कळतं. असा कागद आठ दिवसांनी आबांच्या टेबलावर आला तर मला अपात्र ठरवायला लीलाधरच्या प्रबंधाची गरजच नव्हती. आईचा सकाळचा प्रश्न कानात आला. क्षणभर वाटलं, सोमवारी शाळेच्या लेटरहेडवर देतो म्हणावं आणि निघावं. ती समोर उभी होती, हात पुसून, माझ्या सबबीची वाट पाहत. मी तिला उत्तराला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ कधी दिला नव्हता. ती मला कितीही वेळ द्यायला तयार दिसत होती.

मी तोच टाइप केलेला कागद उलटा केला आणि खुर्चीच्या हातावर ठेवून लिहायला लागलो. पाच ओळी झाल्या. तिनं प्रत्येक ओळ माझ्या खांद्यावरून वाचली. सही केली.

"तारीख टाका," ती म्हणाली. टाकली. "हुद्दाबी टाका. तुमी आता हेडमास्तर व्हणार ना? लीलाधर सर सांगत व्हते, यंदा आमच्या सुकदेवचा नंबर हाये, चांगलं झालं."

"असं म्हणाला तो?"

"हो. खूष व्हते."

मी सहीखाली 'सहायक शिक्षक' असं लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिला.

तिनं तो पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, चार घड्या केल्या आणि ॲप्रन काढून खुंटीला लावला. "आधी पोरीले वाचून दाखवते," ती म्हणाली. "मंग लीलाधर सरले. मंग तुमच्या आबाले."

"दाखव," मी म्हणालो. ती परवानगी मागतच नव्हती. चपला घालून ती शेडच्या बाहेर पडली. जाताना पाया पडली नाही, आणि एवढं उन्ह असून एकदाही सावलीला थांबली नाही.